पिकअपमध्ये बकेट सीट बसवली आणि बोल्ट सारखे ढिले होतायत? पान्याआधी पत्रा बघा

तक्रार जवळजवळ नेहमी एकाच क्रमाने येते. जुन्या पिकअपची लांब बेंच सीट काढली, भंगार बाजारातून कुठल्यातरी कारच्या दोन बकेट सीट, म्हणजे एकेका माणसाच्या सुट्या सीट, आणल्या, वेल्डरकडून पट्ट्या मारून घेतल्या आणि बसवल्या. पहिले आठ-पंधरा दिवस झकास. मग ब्रेक मारला की खालून ‘टक्’ असा आवाज. वळणावर सीट जराशी कलते. बोल्ट आवळले की आवाज बंद, महिन्याभरात पुन्हा सुरू. मग स्प्रिंग वायसर टाकून बघतात, मग डबल नट, मग नटाला लावायचं लिक्विड. शेवटी कोणीतरी वैतागून नटावरच वेल्डिंगचा टाका मारतो. तरीही आवाज येतो तो येतोच.

कारण बहुतेक गाड्यांत बोल्ट ढिला झालेलाच नसतो. बोल्टाखालचं काहीतरी दबलेलं, वाकलेलं नाहीतर फाटलेलं असतं. ते काय आहे हे शोधल्याशिवाय पाना फिरवत राहिलात, तर दर आवळण्याला केबिनचा पत्रा थोडा थोडा आत ओढला जातो आणि दुखणं वाढत जातं.

हे ओळखायला खर्च नाही. बोल्ट एकदा नीट आवळा आणि पांढऱ्या ऑइल पेंटची एक बारीक रेघ नटावरून वायसरवर, तिथून खालच्या पट्टीवर अशी सलग ओढा. सगळ्या बोल्टांना ओढा. गाडी नेहमीसारखी चालू द्या. आवाज परत आला की बॅटरी (टॉर्च) घेऊन सीटखाली बघा. रेघ तुटून नट एकीकडे आणि पट्टी दुसरीकडे गेली असेल, तर नट खरंच फिरलाय. रेघ जशीच्या तशी सलग आहे आणि तरी सीट हलतेय, तर नट जागचा हललेलाच नाही. खालची वस्तू बसलीय. माझ्यासमोर येणाऱ्या गाड्यांत हा दुसरा प्रकार फार जास्त.

आता आवाज नेमका कुठून येतो ते बघायचं. एकाला बाहेर उभं करून सीटची पाठ वरून धरून पुढे-मागे हलवायला सांगा. तुम्ही खाली वाकून एकेक सांधा बघा. पाठ आणि बैठक जोडणारा रिक्लायनर, त्याखाली सीट पुढे-मागे सरकवणारा रनर, त्याखाली वेल्डरने केलेलं स्टँड, आणि सगळ्यात खाली केबिनचा पत्रा. बोट सांध्यात घालू नका, नुसतं टेकवून ठेवा. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाला लगेच कळते. सीट हलताना पत्रासुद्धा श्वास घेतल्यासारखा वर-खाली होत असेल, तर बाकीचं तपासणं थोडा वेळ बाजूला ठेवा. मूळ दुखणं सापडलं.

अशा गाडीचा बोल्ट काढून बघण्यासारखा असतो. वायसर सपाट राहिलेला नसतो, बशीसारखा खोलगट झालेला असतो. त्याच्या कडेने लालसर तपकिरी भुकटी जमलेली असते. हा पावसाने आलेला गंज नव्हे. दोन लोखंडी पृष्ठभाग एकमेकांवर सतत बारीक घासले गेले की अशी भुकटी पडते. पट्टी उचलली की खाली पत्र्यावर चंद्रकोरीएवढा भाग चकचकीत झालेला, आणि भोक गोल राहिलेलं नाही, लांबट झालंय. भोकाच्या कडेला एखादी केसासारखी चीरही असते. ती पुसून, बॅटरी तिरकी धरून बघा, नाहीतर नजरेतून सुटते.

पण पत्र्यापर्यंत जाण्याआधी एक अगदी साधं कारण तपासून घ्या, कारण यात पुष्कळ गाड्या सुटतात. स्टँड मॅटवर ठेवलंय का? केबिनचं रबरी मॅट, त्याखालचा जाड फेल्ट, कधी डांबरासारखा साउंडप्रूफिंगचा थर, या सगळ्यावर स्टँड ठेवून आरपार बोल्ट मारलेला असतो. मॅट कापायचा कंटाळा केला की असं होतं. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो, आणि त्या ताणामुळे दोन लोखंडं एकमेकांवर दाबून राहतात. सीट जागची हलत नाही ती या दाबामुळे. आणि आखूड बोल्टातला हा ताण किती? मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतका. फेल्ट किंवा रबर त्याच्या कितीतरी पट बसतं. उन्हात केबिन तापली की आणखी बसतं. मग ताण गेला, दाब गेला, नट मात्र जागच्या जागी. त्यामुळे स्टँडच्या प्रत्येक पायाखाली मॅट आणि फेल्ट चौकोनी कापून काढा. पत्रा उघडा करा. जाड अंडरकोट असेल तर तोही खरवडा, पातळ प्रायमर राहू द्या. लोखंड लोखंडावर बसलं पाहिजे.

स्प्रिंग वायसरवर आपल्याकडे सगळ्यांची फार श्रद्धा. गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरने १९६९ मध्ये दाखवून दिलं, की जोडलेले तुकडे आडवे सरकायला लागले की नट आपोआप सुटत जातो. आणि त्या प्रकारच्या चाचणीत साधा स्प्रिंग वायसर फारसा टिकत नाही. अर्थ सरळ आहे. आडवं सरकणं थांबवायचं, तर दाब पुरेसा हवा आणि तो टिकायला हवा. नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला नट, वापरा, पण नवा. एकदा काढलेला नायलॉक पुन्हा सीटला लावू नका, आणि जवळ वेल्डिंग करायचं असेल तर आधी वेल्डिंग, मग नट. उष्णतेने आतलं नायलॉन जातं. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ हा ताकदीचा आकडा कोरलेला बघून घ्या. हार्डवेअरच्या दुकानात आकडा नसलेले चकचकीत बोल्ट किलोवर मिळतात, ते गेटला ठीक आहेत, सीटला नाहीत.

आता पत्रा. बेंच सीट कंपनीने जिथे बसवलेली असते, तिथे आतून जाड पट्टी स्पॉट वेल्ड केलेली असते आणि नटही वेल्ड केलेला असतो. सीट रुंद, तिचे पाय लांब लांब, त्यामुळे भार वाटला जातो. बकेट सीटला प्रत्येकी चार पाय लागतात. बाहेरचे पाय कदाचित जुन्या भोकांजवळ जातील, पण आतले पाय गिअरबॉक्सच्या उंचवट्याच्या उतारावर किंवा साध्या पातळ पत्र्यावर येतात. तिथे जोर सोसायला काहीच नसतं. आणि जोर कमी नसतो. क्लच दाबताना पाय पुढे रेटतो, पाठ मागे रेलते, सीटचे पुढचे पाय वर उचलले जायला बघतात. गावातून बाजार समितीपर्यंतच्या गर्दीत हे किती वेळा होतं याचा विचार करा. तपासायला सुरुवात पुढच्या पायांपासून करा.

हा जोर पसरवायला पत्र्याखालून लोखंडी प्लेट लावावी लागते. तिचं माप काय असावं, यावर वेल्डर आणि मालक यांच्यात नेहमी वाद होतो. एक चांगली मोजपट्टी मोटर रेसिंगच्या नियमांत सापडते. एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक संस्थेच्या नियमांत सीटला निदान चार ठिकाणी किमान ८ मि.मी. जाडीचे बोल्ट, पत्र्याच्या दुसऱ्या बाजूने प्लेट, प्रत्येक ठिकाणी किमान ४० चौरस सेंटिमीटर टेकण, आणि स्टीलची प्लेट असेल तर जाडी किमान ३ मि.मी. असं सांगितलंय. म्हणजे साधारण साडेसहा सेंटिमीटर बाय साडेसहा सेंटिमीटरचा तुकडा. आपल्या पिकअपला हा नियम लागू नाही, पण मोठा वायसर टाकलाय म्हणून निश्चिंत झालेल्या माणसाला फरक कळावा म्हणून सांगतो. प्लेटचे कोपरे आणि कडा घासून गोल करा. धारदार कड पत्र्याला कापते.

आणि प्लेट पत्र्याला सगळीकडून टेकतेय का ते बघा. केबिनच्या तळाला ताकदीसाठी उभार दाबलेले असतात. प्लेट दोन उभारांवर पूल बांधल्यासारखी बसली, की मध्ये पोकळी राहते. आज आवळलं, उद्या उभार थोडा चेपला, परवा सीट हलली. बाहेरून सगळं व्यवस्थित दिसतं, म्हणून हा दोष शोधायला वेळ लागतो. प्लेटची जागा बदला, किंवा पोकळीच्या मापाचा तुकडा खाली घाला.

चौकोनी पाइपचं स्टँड असेल तर आणखी एक गोष्ट. पाइपाला आरपार भोक पाडून बोल्ट आवळला, तर पाइप चेपतो, आणि चेपतच राहतो. भोकात पाइपाच्या उंचीइतकाच नळीचा तुकडा घालून दोन्ही तोंडांना वेल्ड करा, मग बोल्ट त्यातून जाऊ द्या. आवळण्याचा जोर नळी घेते. एवढं एक काम केलं तर पाइपाचं स्टँड वर्षानुवर्षं टिकतं.

मला स्वतःला पटलेला मार्ग मात्र वेगळा आहे, आणि जिथे शक्य तिथे तोच करा असं मी सांगेन. तळाला नवी भोकं पाडूच नका. बेंच सीटची मूळ भोकं वापरून पुढे एक आणि मागे एक असे दोन मजबूत आडवे चॅनल केबिनमध्ये बसवा, आणि बकेट सीट त्या चॅनलवर घ्या. भार कंपनीने ठरवलेल्या जागीच जातो. पत्र्याला हात लागत नाही. उद्या बेंच परत बसवायची झाली तर चॅनल काढले की झालं. खर्च थोडा जास्त, सीटची उंची चॅनलच्या जाडीइतकी वाढते, ती आधी मोजून घ्या. चॅनल मध्ये लवत असेल तर उंचवट्यावर एक आधार द्या. पण आधार म्हणजे नुसता टेकू, सगळा भार तिथे टाकू नका.

एक काम मात्र कधीच करू नका. ‘पत्रा कमजोर आहे ना, मग लांब बोल्ट घालून थेट चासीला धरू’ असं सांगणारे भेटतात. टाटा २०७ काय किंवा जुनी महिंद्रा पिकअप काय, केबिन चासीवर रबरी पॅकिंगवर बसलेली असते. रस्त्यात चासी पिळते, केबिन वेगळी हलते. दोन्हींना एका बोल्टाने बांधलं की ती सगळी हालचाल त्या एका भोकावर येते आणि पत्रा फाटतो.

पत्रा गंजलेला असेल तर वरची सगळी चर्चा नंतर. मॅट उचलून पेचकसाने जागोजागी टोचून बघा. ठण्ण वाजला तर ठीक; भद्द आवाज आला किंवा टोक आत गेलं तर आधी डेंटरकडे, तो भाग कापून नवा पत्रा. गंजावर प्लेट लावणं म्हणजे गंज झाकणं. नवं भोक पाडलं तर त्याची कड कानसीने साफ करून झिंक प्रायमर आणि खालून सीलंट लावा, कारण चाकाचा चिखल-पाणी नेमकं तिथेच उडतं.

ड्रिल मारण्याआधी गाडीखाली शिरून बघा. ब्रेकचा पाइप, डिझेलची लाइन, वायरिंग कुठून जातंय ते खडूने वरच्या बाजूला आखून घ्या. गाडी जितकी जुनी तितकं अंदाजाने चालू नका. विलीज आणि सीजे-३बी जीपमध्ये इंधनाची टाकी थेट ड्रायव्हरच्या सीटखाली असते, आणि अमेरिकेतल्या १९६७ ते १९७२ च्या शेवरले पिकअपमध्ये ती सीटच्या मागे, केबिनच्या आतच असायची. वेल्डिंग करताना बॅटरीची निगेटिव्ह काढा, सीट आणि मॅट बाहेर काढा. फोम पेटला तर धुराने माणूस आधी गुदमरतो.

पत्रा ठणठणीत, बोल्ट घट्ट, तरी खडखड आहे? मग रनर. भंगारातल्या सीटचे दोन रनर जर एकमेकांना समांतर बसले नाहीत, तर एका बाजूचं लॉक खाचेत पडतं आणि दुसरं अर्धवट लोंबतं. सीट लॉक झाल्यासारखी वाटते, आणि जोरात ब्रेक मारला की एक खाच पुढे सरकते. चालत्या गाडीत हे झालं तर पाय पेडलवरून जातो. टेप घेऊन दोन रनरमधलं अंतर पुढे आणि मागे मोजा, मग दोन्ही कर्ण मोजा. पुढचं-मागचं अंतर सारखं आणि दोन्ही कर्ण सारखे होईपर्यंत बोल्ट पूर्ण आवळू नका. सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे सरकवून बघा. मध्ये कुठे जड जात असेल तर रनर पिळलाय. दोन्ही बाजूंच्या लॉकचा ‘खट्’ असा आवाज ऐका, एकाचा नव्हे.

रनरवर थेट वेल्डिंग करणारे वेल्डर पुष्कळ आहेत. त्यांना थांबवा. पातळ, कडक पोलादाचा तो भाग उष्णतेने वाकडा होतो आणि कमजोरही पडतो. रनर बोल्टानेच धरायचा, वेल्डिंग स्टँडला.

रिक्लायनर झिजलेला असेल तर दुरुस्तीच्या मागे लागू नका, दुसरी सीट घ्या. बाजारातच सीट जमिनीवर ठेवून तिच्यावर बसा, पाठ सगळ्या कोनांत लॉक करून मागे जोर द्या. दाताला दात नीट न बसणारी सीट फुकट मिळाली तरी नको.

सीट घेताना सीट बेल्टकडेही बघा. जुन्या पिकअपमध्ये बेल्टचं बकल सीटला नाही, तळाला धरलेलं असतं. नव्या कारच्या पुष्कळ सीटमध्ये बकल सीटच्याच सांगाड्याला असतं. म्हणजे अपघातात माणसाला अडवणारा जोर सीटमधून, तिच्या स्टँडमधून आणि शेवटी तुमच्या त्या पातळ पत्र्यातून जाणार. घरी केलेल्या स्टँडवर हा भरवसा ठेवू नका. बकल सीटवरून काढा आणि मूळ जागी, कंपनीच्या वेल्ड केलेल्या नटावर बसवा. बेल्ट पाठीच्या खांद्यातून निघणारी सीट तर घेऊच नका. तिच्या पाठीला सगळा जोर सोसावा लागतो आणि ती त्या गाडीच्या मजबूत तळासाठीच बनलेली असते. सीटखाली पिवळा कनेक्टर लोंबत असेल तर बहुधा ती एअरबॅगची वायर. कापू नका, मीटर लावू नका, ती सीट दुकानात परत ठेवा.

बसण्याची जागा ही ढिलेपणाची गोष्ट नाही, पण पुष्कळ जण तिच्यासाठीच सीट पुन्हा उघडतात आणि तेव्हा भोकं बिघडतात. पक्कं करण्याआधी सीट नुसती ठेवून बसा. सीटची मध्यरेषा स्टिअरिंगच्या मध्याशी जुळतेय का बघा. चार बोटं जरी बाजूला गेली तरी लांबच्या प्रवासात कंबर बोलते. सगळे गिअर टाकून बघा, विशेषतः मागे येणारे दुसरा आणि चौथा. हँडब्रेक पूर्ण ओढा. डोकं छताला लागत नाही ना, आणि क्लच तळापर्यंत दाबताना गुडघा सरळ ताठ होत नाही ना.

शेवटी कागदपत्रं, आणि खरं तर काम सुरू करण्याआधीच. तीन माणसांची बेंच काढून दोन बकेट लावल्या की आरसीवर लिहिलेली आसनक्षमता आणि गाडी यांचा मेळ राहत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने असा बदल करायला मनाई केलीय, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात तेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला फिटनेस सर्टिफिकेट दरवर्षी लागतं, तेव्हा हा बदल लपून राहत नाही. आरटीओत जाऊन आधी विचारा, जे मिळेल ते लेखी घ्या, विमा कंपनीलाही कळवा.

आणि तुमच्या गाडीत रोज हमाल किंवा शेतमजूर बसत असतील, तर माझं मत स्पष्ट आहे: हा बदल करू नका. तिसरी जागा गेली की तिसरा माणूस मागे हौद्यात मालावर बसतो. त्याच्या जिवापुढे तुमच्या आरामाला किंमत नाही. पाठदुखीमुळे बकेट हवी असेल तर आधी बेंचचा फोम बदला. चांगल्या कुशनवाल्याकडून जास्त घनतेचा फोम, कंबरेला थोडा उभार, खालच्या तुटलेल्या स्प्रिंगा नव्या, एवढ्याने पुष्कळांचं काम भागतं, आणि बोल्टाला हात लावावा लागत नाही.

तरीही परवानगी घेऊन बदल करणार असाल, तर जुनी बेंच भंगारात देऊ नका. तिचे बोल्ट, वायसर, स्पेसर एका पिशवीत घालून तिच्याच सांगाड्याला बांधा आणि सीट उभी करून कोरड्या जागी ठेवा. जमिनीवर आडवी टाकली तर पावसाळ्यात खालून ओल लागते आणि उंदीर फोम पोखरतात. गाडी विकायला काढाल तेव्हा घेणारा बहुधा पहिला हाच प्रश्न विचारतो, की मूळ सीट आहे का.